नोंद झाली

पडद्यावर चार मिनिटं लाल ओळी वाहत राहिल्या आणि मग एकदम सगळं थांबलं. सर्वांत खाली आकडा होता. अठरा हजार सहाशे बेचाळीस. तिनं तो एकदा वाचला, मग शाळेत मोठी संख्या वाचायची तसा एकेका अंकावर बोट ठेवून पुन्हा वाचला. इतक्या चुका. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन थेट टेबलावर येत होतं, शेजारी कुणीतरी संत्रं सोलत होतं आणि त्याचा वास खोलीभर झाला होता. आणि तिच्या मनात आलं ते भलतंच. इतक्या चुका असून या क्षणी हे सगळं चालू आहे. डायलिसिसच्या सात केंद्रांमध्ये माणसं खाटांवर पडलेली आहेत, त्यांचं रक्त नळीतून बाहेर येऊन, यंत्रात धुऊन निघून, पुन्हा अंगात जात आहे. कुणाचा नंबर कधी, कुणाचं वजन किती, कुणाला कुठलं औषध चालत नाही, हे सगळं या अठरा हजार सहाशे बेचाळीस चुकांच्या अंगावरून बिनबोभाट पुढं सरकत आहे. तिच्या हातांवर काटा आला. लहानपणी एकदा ती पुलाखाली उभी होती आणि डोक्यावरून भरलेली मालगाडी धडधडत गेली होती, तेव्हा असाच आला होता.

"काय हेडबाई, किती नापास?" संत्रं सोलणाऱ्यानं विचारलं.

"सगळे," ती म्हणाली. "मीसुद्धा."

हेडबाई हे नाव तिला या कामामुळंच पडलं होतं. कंपनी डायलिसिसच्या केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. त्याचे आठ प्रकल्प होते: पेशंटच्या फोनसाठी एक, नर्सच्या हातातल्या टॅबसाठी एक, लॅबसाठी एक, असे. आठही एकाच मोठ्या भांडारात राहायचे, ज्याला सगळे रेपो म्हणत. आठ बिऱ्हाडांचा वाडा म्हणावा तसं ते होतं. प्रत्येकाची चूल वेगळी आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. टीमचा म्होरक्या तिच्याहून अकरा वर्षांनी लहान होता. कॉलेजात हॉकीच्या संघाचा कप्तान होता, म्हणून इथंही त्याला कप्तानच म्हणत. तो महिन्यापूर्वी तिच्या टेबलाशी येऊन घुटमळला होता. "ताई, एक काम आहे. आठही प्रकल्पांना मिळून लिंटरचे नियम बसवायचे आहेत. तुम्ही मोठ्या आहात, तुमचं ऐकतील." मोठ्या म्हणजे वयानं. तिला कळलं होतं. लिंटर म्हणजे दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचणारा प्रोग्राम. तो कोड चालवत नाही, नुसता वाचतो, आणि नेमून दिलेल्या नियमात न बसणारी ओळ दिसली की तिच्यावर बोट ठेवतो. हे काम कुणालाच नको असतं. त्यात नवं काही बनत नाही आणि वाईटपणा मात्र पदरात पडतो. आठ वर्षं घरी बसून परत आलेल्या बाईला द्यायला ते फार सोयीचं होतं. तिनं मान हलवली होती, कारण नको म्हणण्याची ऐपत आपल्याला अजून आलेली नाही, असं तिला त्या दिवसांत वाटायचं.

पहिला आठवडा भांडणात गेला. ओळीच्या शेवटी अर्धविराम हवा की नको यावर दोन टेबलं चार दिवस एकमेकांशी बोलली नाहीत. सर्व्हरच्या टीममधला दाढीवाला म्हणाला, "अर्धविराम नसलेला कोड म्हणजे बटण न लावलेला शर्ट." फोनवाल्यांच्यातली मुलगी म्हणाली, "आणि उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावून फिरणाऱ्याला काय म्हणतात?" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण घरादाराइतकीच रेपोतही लागू आहे, हे तिला तेव्हा समजलं. तिनं कुणाची बाजू घेतली नाही. कागदावर लिहीत गेली, कुणाला काय खुपतं आणि का खुपतं ते. मग एक दिवस तिनं सगळ्यांना सांगितलं की नियमांची एकच फाइल वाड्याच्या दाराशी, म्हणजे रेपोच्या मुळाशी राहील. आठही जण ती मानतील. ज्याला आपल्या घरात नियम आणखी कडक करायचा त्यानं खुशाल करावा. पण ज्याला सैल करायचा असेल त्यानं तिथंच वर एका ओळीत कारण लिहायचं. "मला आवडतं," हे कारण नाही. दाढीवाला हसला. अर्धविराम राहिला. फोनवाल्या मुलीनं दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी तिला आपल्या डब्यातला लाडू आणून दिला.

आणि आता हा आकडा. लिंटरला असाही हुकूम देता येतो की, ज्या चुका तुझ्या तुला सुधारता येतात त्या सुधार. तिनं दुपारी तो हुकूम दिला. मिनिटभर पंखा घरघरला आणि जवळजवळ साडेसतरा हजार चुका नाहीशा झाल्या. खाली आकडा आला: एक हजार दोनशे अकरा. आसपासच्यांनी टाळ्या वाजवल्या. तिलाही आनंद झाला, पण त्या आनंदात काहीतरी हरवल्याची चुटपुट होती. गेला आठवडाभर ती ते सगळं वाचत होती. तिला माणसं ओळखू यायला लागली होती. एक जण होता, सोडून गेलेला, तो प्रत्येक गोष्टीला लांबलचक नाव द्यायचा, पूर्ण पत्त्यासारखं. एक बाई होती, ती कोडच्या वर स्वतःशीच बोलायची: हे का चालतं मला माहीत नाही, कृपया हात लावू नका. एकानं रांगेत चार ओळी अशा लावल्या होत्या की बरोबरीची चिन्हं एकाखाली एक यावीत, वाढणाऱ्यानं ताटाची कड पुसावी तशा निगुतीनं. ही माणसं तिनं पाहिलीही नव्हती. कुणी लग्नामुळं गेलं, कुणी जास्त पगारामुळं, कुणी नुसतं कंटाळून. पण त्यांच्या बोटांची लकब तिथं होती, आणि मिनिटभरात ती एकसारखी झाली. तिला वाटलं, आपण साडेसतरा हजार वेळा कुणाच्यातरी हस्ताक्षरावरून ओला हात फिरवला. तरीही वाचायला बसल्यावर तिला स्वच्छ दिसायला लागलं. गवत कापल्यावर जमिनीचा उतार दिसतो, तसा त्या कोडचा उतार दिसायला लागला. कुठून पाणी येतं, कुठं जातं. तिनं खुर्ची मागे सरकवली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली. चाळीस-पन्नास जणांनी, एकमेकांना न विचारता, दहा-बारा वर्षांत रचलेलं हे प्रचंड काहीतरी उभं होतं, आणि ते श्वास घेत होतं.

उरलेल्या चुका हातानं सोडवायच्या होत्या. त्यात तीन आठवडे गेले. सर्वांत शेवटी तिनं एक नियम घातला, जो घालायला सगळे टाळाटाळ करत होते, कारण त्याला सगळा कोड खोलवर तपासावा लागायचा आणि वेळ लागायचा. नियम साधा होता. या भाषेत वेळखाऊ काम सांगितलं, उदाहरणार्थ दूरच्या सर्व्हरवर काही साठवायला, तर ते काम लगेच होत नाही. हाती एक प्रॉमिस मिळतं. खरंच त्याचं नाव तेच आहे. करतो, असं वचन. शहाण्यानं तिथं थांबावं, वचन पाळलं गेलं का ते पाहावं आणि मग पुढची ओळ चालवावी. न थांबता पुढं गेलं तर ते वचन हवेत राहतं. पाळलं तर बरंच, मोडलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. नवा नियम म्हणत होता की असं एकही वचन हवेत सोडायचं नाही. तिनं लिंटर चालवला. त्रेसष्ट जागा निघाल्या. त्यातली एकेक उघडत ती एकोणिसाव्या जागेवर आली. नर्सच्या टॅबमधलं पान. पेशंट आल्यावर त्याचं वजन भरायचं पान. एका ओळीत लिहिलं होतं, वजन सर्व्हरवर साठव. त्याच्या पुढच्या ओळीत, हिरव्या अक्षरात दाखव, नोंद झाली. दोहोंच्या मधे थांबणं नव्हतं. थांबायला सांगणारा, पाच इंग्रजी अक्षरांचा, await हा शब्द हवा होता, तो नव्हता. म्हणजे वजन पोचलं की वाटेत हरवलं हे न पाहताच टॅब म्हणत होता, नोंद झाली. ही ओळ कुणी लिहिली ते विचारायचा एक हुकूम असतो. तिनं सवयीनं तो दिला. आणि तिचंच नाव आलं. शेजारी तारीख होती. ठकीच्या जन्माच्या आदल्या दिवसाची तारीख.

ठकी म्हणजे तिची मुलगी, आता आठ वर्षांची. ती तारीख पाहताच तिच्या पाठीत कळ आली, खरीखुरी, आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा कंपनीत पाचच माणसं होती आणि एकच खोली. त्या दिवशी सकाळपासून कंबर भरून आली होती. तिला वाटलं, खुर्चीमुळं. अजून सात आठवडे होते. दुपारी चारला ती हेच पान लिहीत होती. पोट दगडासारखं व्हायचं, सैल पडायचं, परत दगड व्हायचं. तिनं ती ओळ लिहिली, वजन साठव. पुढची लिहिली, नोंद झाली. आणि तेवढ्यात मांड्यांवरून काहीतरी कोमट ओघळलं. तिला स्पष्ट आठवलं की ती ओरडली नव्हती. आधी तिनं लिहिलेलं पाठवून दिलं होतं, उरलेलं उद्या बघू म्हणून, आणि मग ओढणी कमरेला गुंडाळून ती शांतपणे म्हणाली होती, "मला दवाखान्यात न्यायला लागेल." तो उद्या आलाच नाही. ठकी एक हजार चारशे दहा ग्रॅमची झाली. पुढचे बेचाळीस दिवस ती काचेच्या पेटीबाहेर उभी राहिली. रोज सकाळी सातला नर्स वजन करायची आणि पेटीवरच्या कार्डावर आकडा लिहायची. एक हजार तीनशे नव्वद. त्या दिवशी नवरा आणि ती एकमेकांशी बोलली नाहीत. एक हजार चारशे तीस. त्या दिवशी नवऱ्यानं दवाखान्याच्या जिन्यात एका अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारली. वीस ग्रॅम म्हणजे काय हे तिला त्या दिवसांत कळलं होतं. आणि त्याच महिन्यात तिनं अर्धी सोडलेली ती ओळ पेशंटच्या वजनांवर बसून होती. डायलिसिसला पेशंटचं आजचं वजन पाहून ठरतं की अंगातलं किती पाणी ओढून काढायचं. नोंद हरवली तर पडद्यावर मागच्या वेळचं वजन राहणार. यंत्र त्याच हिशोबानं पाणी ओढणार. पाच अक्षरं.

ती उठून कप्तानकडं गेली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, तारीखही सांगितली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि जुन्या तक्रारी उघडल्या. वजनाच्या पानाबद्दल आठ वर्षांत एकच तक्रार होती. तिनं नोकरी सोडल्यावर तिसऱ्या महिन्यातली, सर्वांत जुन्या केंद्राची. पेशंटचं वजन नोंदलं गेलं नाही, पेशंट बेशुद्ध पडला, शुद्धीवर आला. खाली आपल्याच कंपनीतल्या कुणीतरी शेरा मारला होता: तपासले. नर्सने वजन भरलेच नाही. वापरणाऱ्याची चूक. तक्रार बंद.

"पुढं एकही नाही?" तिनं विचारलं.

"एकही नाही. नेट चांगलं असेल तिथलं."

"कप्तान, तिथलं नेट दिवसातून चारदा जातं. त्यावर वेगळ्या दीडशे तक्रारी आहेत."

तक्रारींची यादी वरखाली फिरवत तो म्हणाला, "ताई, मग हे शक्यच नाही. शेकडो वेळा फुटायला पाहिजे होतं."

संध्याकाळपर्यंत तिनं ती ओळ नीट केली. आता टॅब थांबणार होता, आणि नोंद पोचली नाही तर लाल अक्षरांत तसं सांगणार होता. बाकीच्या बासष्ट जागा टीमनं वाटून घेतल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सुचवलं की हा नियम नुसता इशारा म्हणून ठेवू, मोडला तरी काम अडायला नको. तिनं मान वर केली. "अडायलाच पाहिजे," ती म्हणाली. ती इतक्या वर्षांत इतक्या मोठ्यानं बोलली नव्हती. नियमाच्या वर तिनं कारणाची ओळ लिहिली, आणि नियम तसाच राहिला. पण घरी जेवताना तिचा घास हातातच राहायचा. नवरा म्हणाला, "सापडली, सुधारलीस, सांगितलंस. आणखी काय करायचं माणसानं?" ती म्हणाली, "ते फुटलं का नाही, ते मला कळायला हवं." "मग जाऊन ये," तो म्हणाला. "ठकीला मी आणतो शाळेतून."

केंद्र एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर होतं. दाराशी चपला काढून निळे प्लास्टिकचे पायमोजे घालायचे होते. आत लांब खोली, दोन्ही बाजूंना सहा-सहा खाटा, प्रत्येकीशी एक यंत्र, आणि त्या बारा यंत्रांचा मिळून एक सावकाश, गुरगुरता आवाज. पारदर्शक नळ्यांमधून गडद लाल रक्त जाताना दिसत होतं. ती या कंपनीत सगळी मिळून चार वर्षं काम करत होती आणि तिनं हे कधीच पाहिलं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ छातीवर पेपर उघडा टाकून झोपले होते. एक तरुण बाई एका हातानं मुलाचा गृहपाठ तपासत होती, दुसरा हात नळ्यांना बांधलेला. ती भिंतीशी उभी राहून नुसती पाहत होती. दाराजवळच्या काट्यावर एक पेशंट उभा राहिला. नवी दिसणारी नर्स, विशीतली, तिनं आकडा वाचला, टॅबवर भरला, बटण दाबलं. हिरवी अक्षरं आली, नोंद झाली. आणि मग त्या मुलीनं ओठ हलवले. एक, दोन, तीन. दहापर्यंत. मग पान बंद केलं, परत उघडलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि पेशंटला म्हणाली, "चला काका, आत."

"तुम्ही दहा का मोजलेत?" तिनं विचारलं.

मुलगी गोंधळली. "पद्धत आहे. बटण दाबायचं, दहा मोजायचे, परत उघडून डोळ्यांनी बघायचं. नसलं तर परत भरायचं."

"कुणी सांगितलं?"

"मोठ्या सिस्टरनी. सगळ्यांना त्याच शिकवतात. सातही केंद्रांच्या मुली पहिले दोन महिने इथंच असतात ना."

बारा खाटा, दिवसाला तीन पाळ्या, सात केंद्रं, आठ वर्षं. मनातल्या मनात गुणाकार करायला गेली आणि आकडा इतका मोठा झाला की तो धरायला तिला काही सापडेना. तितक्या वेळा कुणीतरी ओठ हलवले होते. नेट गेलं होतं, वचन मोडलं होतं, टॅब खोटं बोलला होता, आणि प्रत्येक वेळी कुणी एक मुलगी दहा मोजून, परत उघडून, गुपचूप पुन्हा भरून पुढच्या पेशंटकडं वळली होती. कुठल्याही फाइलीत हे लिहिलेलं नव्हतं. कुणालाही त्याचं कारण माहीत नव्हतं. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. ती आठ प्रकल्पांना नियम बसवायला निघाली होती, आणि तिच्या आधी कुणीतरी एक नियम असा बसवून ठेवला होता की तो आठ वर्षांत एकदाही ढळला नव्हता.

मोठ्या सिस्टर चौतिशीच्या होत्या, ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या. औषधांच्या कपाटाशी उभ्या राहून त्या यादी तपासत होत्या. कंपनीतून आलेय म्हटल्यावर म्हणाल्या, "नेटबद्दल असेल तर मला सांगू नका, मॅडम, मी आता त्याला देवावर सोडलंय." तिला हसू आलं नाही. तिनं विचारलं, "सिस्टर, ते दहा मोजणं तुम्ही सुरू केलंत?"

त्यांचा हात यादीवर थांबला. "का?"

"मला माहीत करून घ्यायचंय."

"जुनी गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. मग कपाट बंद करून त्याला टेकल्या. "मी नवी होते. सव्वीस वर्षांची. सलग दुसरी पाळी होती. एका पेशंटचं वजन माझ्याकडून भरायचं राहिलं. मशीननं पाणी जास्त ओढलं. बी.पी. एकदम खाली. तासभर आम्ही त्यांचे पाय वर धरून उभे होतो. वाचले. पुढं दोन वर्षं यायचे, माझ्याच हातून सुई टोचून घ्यायचे. त्या दिवशी मी म्हटलं होतं, मी भरलंय. एकसष्ट पॉइंट चार. माझ्या बोटांना आठवत होतं. पण मोठ्या डॉक्टरांनी तुमच्या कंपनीला विचारलं, तर टॅबमध्ये नोंदच नाही. ते म्हणाले, टॅबला खोटं बोलून काय मिळणार आहे? खरंच, काय मिळणार होतं? मग लिहून दिलं. माझ्याकडून भरायचं राहिलं. खाली सही केली. आई म्हणत होती, सही करू नकोस. पण पुढं पुढं मलाच वाटायला लागलं, राहिलंच असेल. म्हणून मग स्वतःवर पहारा बसवला. दहा मोजायचे आणि बघायचं."

"आणि बघितल्यावर कधी... नसायचं?"

"असं व्हायचं ना. आठवड्यातून दोनदा-तीनदा." त्या किंचित हसल्या. "मग मी स्वतःला म्हणायचे, बघ, आजही विसरत होतीस. मुलींचंही होतं तसं. त्यांना मी रागवत नाही. माणूस आहे, विसरतो. म्हणून तर दहा मोजायचे."

आठवड्यातून दोन-तीनदा, आठ वर्षं. तिच्या पाच अक्षरांची उणीव या बाईनं दर वेळी स्वतःच्या पदरात घेतली होती, आणि ती घेऊनही खचली नव्हती. त्या संशयाचीच तिनं भिंत बांधली होती, आणि त्या भिंतीआड शेकडो माणसं सुखरूप पडून पेपर वाचत होती. असं काही माणसाच्या हातून होऊ शकतं हे तिला ठाऊक नव्हतं. "सिस्टर," ती म्हणाली, "तुम्ही वजन भरलं होतं."

कपाटाला टेकलेल्या त्या सरळ झाल्या.

"त्या टॅबमधली ती ओळ मी लिहिली होती. वजन पोचायच्या आधीच तो नोंद झाली म्हणायचा. नेट गेलं की तुम्ही भरलेलं हरवायचं. तुम्ही विसरला नव्हतात. कधीच विसरला नव्हतात. त्या मुलीही नाही. आत्ताआत्तापर्यंत कुणाला माहीत नव्हतं. मला सापडलं तेव्हा... मी नीट केलंय आता. पण त्या दिवशीची चूक माझी होती."

यंत्रं गुरगुरत होती. तिला वाटलं, आता त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सिस्टरनी हातातली यादी कपाटावर ठेवली, तिच्यावर पेन ठेवलं, पेन सरळ केलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "परत सांगा. पहिलं वाक्य."

"तुम्ही वजन भरलं होतं."

"एकसष्ट पॉइंट चार."

"हो. एकसष्ट पॉइंट चार."

त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. बराच वेळ त्या खाटांच्या रांगेकडं पाहत राहिल्या, जणू तिथं अजून कुणाचे तरी पाय वर धरायचे होते. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही ती ओळ लिहिली तेव्हा काय झालं होतं?" तिनं सांगितलं. कळ, कोमट पाणी, काचेची पेटी, सगळं. सिस्टरनी विचारलं, "किती ग्रॅम?"

"चौदाशे दहा."

"जगली?"

"आठ वर्षांची आहे. मधल्या सुट्टीत मारामारी करून येते."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तळहात क्षणभर तिच्या दंडावर टेकला, पेशंटची नाडी बघताना टेकतो तसा, हलका आणि नेमका. कुणी क्षमा केली तर ती अशी असते का, की ही नुसती सवय होती, हे तिला कळलं नाही, आणि विचारावंसं वाटलं नाही. ती चाचरत म्हणाली, "आता दहा मोजायची गरज नाही, सिस्टर."

"ते मी ठरवीन," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी खिशातून फोन काढला, एक नंबर लावला आणि खिडकीपाशी गेल्या. पलीकडच्या बाईला ऐकू कमी येत असावं, कारण पहिल्याच शब्दाला त्यांना आवाज चढवावा लागला आणि सगळ्या खोलीला ते ऐकू गेलं. "आई! अगं मी बोलतेय. नाही, काही झालं नाही. अगं ऐक तरी. ते वजन आठवतं का तुला, नवी होते तेव्हाचं? ते मी भरलं होतं! हो! भरलं होतं मी! कंपनीतून बाई आल्यात, त्या सांगतायत. रडत नाहीये गं. भरलं होतं, म्हणते!"

तरुण बाईचा गृहपाठावरचा हात थांबला. नवी नर्स काट्याशी टॅब घेऊन तशीच उभी राहिली. आणि फोनमधून एका म्हातारीचा आवाज आला, खणखणीत, चिडका, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत: "मग मी तेव्हापासून दुसरं काय सांगत होते तुला!"